पेटंट आहे, मग शेअर घ्यावा का?

दोस्तांनो, पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा ठराविक वर्षांचा हक्क. पण तो टिकेलच असं नाही. वाशीमच्या बाजारात येणारी आपली हळदच घ्या ना! जखमेवर हळद लावणं आजीलाही ठाऊक. तरी १९९५ साली अमेरिकेत त्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरने जुने पुरावे मांडले अन् १९९७ मध्ये ते रद्द झालं.

आणि टिकलं तर? अ‍ॅमेझॉनला १९९९ मध्ये एका क्लिकवर खरेदीचं पेटंट मिळालं. तेव्हा इंटरनेटच्या शेअरवर झुंबड उडाली होती. त्याच डिसेंबरात हा शेअर शंभर डॉलरपुढे गेला. २००१ मध्ये दहाच्याही खाली! पेटंट होतंच, गर्दी मात्र पांगली. म्हणून आधी कंपनीची कमाई पाहा, मग पेटंट. गर्दी सगळ्यात शेवटी.