हिरव्या कंदिलाचे मूळ

‘प्रकल्पास मंत्रिमंडळाचा हिरवा कंदील’ असा मथळा वाचताना हा वाक्प्रचार परभाषेतून आला आहे याचे भान आपणांस राहत नाही, इतका तो मराठीत मुरला आहे. शहापूर तालुक्यातील खर्डीच्या फलाटावर रात्री उभ्या असलेल्या माणसाला तर त्याचा अर्थ विचारावाही लागत नाही. कसाऱ्याच्या घाटाकडे धडधडत जाणाऱ्या गाडीला रेल्वेचा माणूस हिरवा दिवा दाखवतो, शेवटच्या डब्यातून गार्ड तसाच दिवा हलवून उत्तर देतो आणि गाडी अंधारात दिसेनाशी होते.

या लोहमार्गाने 1861 साली कसारा गाठला, त्या काळी इंग्लंडातील रेल्वेत पांढरा दिवा मार्ग मोकळा असल्याचे सांगे, तर हिरवा केवळ सावधगिरीचा इशारा देई. परंतु तांबडी काच फुटली की धोक्याचा दिवाही पांढराच दिसे. म्हणून त्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्याची जागा हिरव्याने घेतली. ज्या रंगाने आज आपण अनुमती देतो, तो एके काळी जपून चालावयास सांगत होता!

याच अनुमतीसाठी मराठेशाहीच्या दफ्तराने आपणांस ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द दिला. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तबाचा लहान ठसा, जेणेकरून त्याखाली कोणास एक अक्षरही वाढविता येऊ नये. दोन्ही वाक्प्रचार टिकले, कारण दोहोंमागची वस्तू या भूमीवर प्रत्यक्ष वापरात होती.

याउलट ‘रेड हेरिंग’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ ‘लाल मासा’ असा शाळेत घोकून मुलांच्या हाती काय लागणार? धुरावून तांबूस झालेल्या त्या उग्र वासाच्या माशाने शिकारी कुत्र्यांना चकविल्याची गोष्ट इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेटने 1807 साली लिहिली, ती सांगितली की ‘हुलकावणी देणे’ हा आपलाच वाक्प्रचार मुलांच्या ओठांवर आपोआप येतो.

इंग्रजी वाक्प्रचार अवश्य शिकवावेत, पण त्यांचे मूळ सांगून; आणि अनुवादकाने शब्द उचलण्यापूर्वी त्यामागची वस्तू पाहावी. दाते आणि कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ सिद्ध करून आपली शिदोरी केव्हाच बांधून ठेवली आहे. शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक शाळेत तो कोश इंग्रजी शब्दकोशाशेजारी असावा, आणि हिरव्या कंदिलाचा धडा शिकविण्यापूर्वी गुरुजींनी मुलांना एका संध्याकाळी स्टेशनावर न्यावे.