सातबारा कुणाच्या नावावर?

दिवाळीच्या अंकासाठी फराळासारखे काही हलके-फुलके लिहावे, असा संपादकांचा दरसालचा आग्रह असतो. यंदा मी कोंबडीवर लिहिणार आहे. तेवढ्याने त्यांचे समाधान व्हावे.

ही कोंबडी ७ मे २०१२ रोजी इंग्लंडातील ब्लॅकबर्न या गावी, ईवुड पार्क नावाच्या मैदानात, ऐन सामन्यात उतरली. तिच्या अंगावर क्लबचे निशाण पांघरलेले होते. ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि विगन यांची फुटबॉलची झुंज चालली होती. हरला तर ब्लॅकबर्न पहिल्या श्रेणीतून खाली जाणार, असा तो प्रसंग. कोंबडीला धरताना बरीच धावपळ झाली, लोक हसले. मग सामना संपायला तीन-चार मिनिटे उरली असता विगनने गोल केला आणि हसणे संपले. ब्लॅकबर्न खाली गेला.

कोंबडीच का? कुत्रे का नाही, मांजर का नाही? कारण क्लबचे मालक आपले पुणेकर. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली उभारलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज, अर्थात वेंकीज, या कुक्कुटपालनाच्या उद्योगाने नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला.

आमच्या शिक्षकखोलीत हा विषय निघाला की गणिताचे सर अजून मिशीवरून हात फिरवतात. “दीडशे वर्षांचा हिशेब चुकता झाला बघा, सर! त्यांचा क्लब आमच्या पुण्याच्या खिशात!” त्यांचे गणित पक्के आहे, इतिहास कच्चा आहे. ब्लॅकबर्न म्हणजे काही व्हाइसरॉयचा वाडा नव्हे. ते लँकेशायरमधले गिरणगाव. १९३१ साली गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी त्याला लागूनच असलेल्या डार्वेन या गावी मुक्कामाला राहिले. आपल्या बहिष्काराचा पाय ज्यांच्या पोटावर पडला होता त्या गिरणकामगार बायांनीच त्यांचे हसतमुखाने स्वागत केले. ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. हिशेब चुकता करायचा तो या बायांच्या नातवंडांशी का? गणिताचे सर यावर चहा मागवतात.

पण मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त तिकडे मँचेस्टरला असतो. ब्लॅकबर्न जवळ म्हणून त्याने या क्लबचा हंगामी पास काढला. त्याने मला फोनवर सांगितले, “सर, शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांना मी पुण्याकडचा आहे हे कळलं, आणि त्यांनी विचारलं, मग तुमची ओळख असेल ना त्यांच्याशी? मी काय सांगणार?” मुलगा पेठेत वाढलेला, लाजणारा नव्हे, तरी त्या क्षणी लाजला. माझाही चेहरा फोनवर दिसत नव्हता हे बरे झाले.

आता त्या आजोबांचे दुःख काय ते बघा. १८७५ साली स्थापन झालेला हा क्लब. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक. १९९५ साली तर हा पठ्ठ्या प्रीमियर लीगचा विजेता झाला, मँचेस्टर युनायटेडला अवघ्या एका गुणाने मागे टाकून! मालक जॅक वॉकर ब्लॅकबर्नचाच, पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेला, आणि लहानपणापासून याच क्लबचा वेडा. २००० साली तो वारला. पुढे त्याच्या मागे राहिलेल्या विश्वस्तनिधीने क्लब विकला.

नव्या मालकांनी पहिल्या महिन्यातच मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइस यांना घरी पाठवले. संघ त्या वेळी वीसांत तेराव्या जागी होता. तेरावा नंबर म्हणजे काही पेढे वाटण्याजोगा नव्हे, पण नापासही नव्हे. त्यांच्या जागी हाताखालचे स्टीव्ह कीन आले आणि दीड वर्षात संघ खाली गेला. २०१२-१३ च्या हंगामात कीन गेले, हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकल अ‍ॅपलटन ६७ दिवस. आमच्या शाळेत बाळंतपणाच्या रजेवर आलेली बदली बाईसुद्धा याहून अधिक टिकते! मुख्याध्यापक दर दोन महिन्यांनी बदलून मुले पास होत असती तर मी आजच राजीनामा लिहून दिला असता. २०१७ मध्ये संघ आणखी एक पायरी उतरला, तिसऱ्या श्रेणीत. शेवटचा सामना जिंकूनही, केवळ गोलफरकाने! पुढच्याच वर्षी टोनी मोब्रे यांनी तो परत वर आणला.

मालकांच्या बाजूने बोलायचे ते मी लपवीत नाही. दरवर्षीचा तोटा त्यांनी भरून काढला, कोट्यवधी पौंड ओतले, आणि गाव सोडून पळाले नाहीत. जवळच्याच बरी या गावचे काय झाले? १८८५ सालचा क्लब, डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. एक पौंड! आमच्या रविवारच्या बाजारात तेवढ्यात धड कोंबडीही येत नाही. तेव्हा ब्लॅकबर्नचे मालक खलनायक आहेत, असे मी म्हणत नाही. उलट माझी तक्रार वॉकरसाहेबांच्या सोन्याच्या दिवसांपासूनच सुरू होते. एका माणसाच्या थैलीवर गाव जगू लागले, की ती थैली कुणाच्या हाती जाईल हे गावाला विचारले जात नाही. पुढे तर भारतातून पैसा पाठवायला दिल्लीच्या उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. ब्लॅकबर्नचा डावा बचावपटू विकत घ्यायचा की नाही, हे दिल्लीतल्या तारखेवर ठरायचे! ज्याने हे कादंबरीत लिहिले असते त्याला समीक्षकांनी फाडून खाल्ले असते.

सातबाराचा उतारा पाहिला आहे ना? सातव्या नमुन्यात मालकाचे नाव, बाराव्यात पीक. आपल्याकडे १९४८ साली कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन उजाडला, तेव्हा सरकारने निदान एवढे मान्य केले, की पिढ्यानपिढ्या जमीन कसणाऱ्याचाही तिच्यावर काही हक्क आहे. फुटबॉलचा प्रेक्षक हे असेच कूळ आहे. बाप गेला की त्याच खुर्चीवर मुलगा बसतो. मालक येतो, जातो, विकतो. मॅनेजर ५७ दिवसांत जातो. खेळाडू जास्त पगार दिसला की जातो. राहतो तो एवढा एकटा. आणि उताऱ्यात याचेच नाव नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने २०२५ साली कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला. मालकाची पारख करायची आणि क्लबचे बोधचिन्ह, रंग, मैदान बदलताना चाहत्यांचे मत घ्यायचे, असे त्यात आहे. कायदा उशिरा आला आणि पुरेसा नाही, हे माझे मत. पण बाराव्या नमुन्यात कुळाची नोंद तरी झाली.

इथे आमचे दुसरे एक विद्वान मित्र म्हणतात, हे खाली जाण्याचे क्रौर्यच बंद करा की! श्रेणी बदलायचीच नाही. मालकाला धास्ती नाही, मॅनेजरला धास्ती नाही. अहो, हेच तर २०२१ च्या एप्रिलात बारा बड्या क्लबांनी करू पाहिले. कायमच्या सभासदांची सुपर लीग, म्हणजे परीक्षाच न देता वरच्या वर्गात बसण्याचा ताम्रपट! दोन-तीन दिवसांत इंग्लंडच्या प्रेक्षकांनी रस्त्यावर उतरून ती मोडली. मी वीस वर्षे वर्गात उभा आहे. नापास होणे वाईट, पण नापास होताच येत नाही अशा वर्गात कोणी वहीसुद्धा उघडत नाही.

पुरावा हवा तर लांब जायला नको. आपली इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली ती अशीच, खाली उतरण्याचा जिना न बांधता. तीत पुण्याचा एक संघ होता, एफसी पुणे सिटी. तो खाली गेला नाही; २०१९ मध्ये तो नाहीसाच झाला आणि त्याची जागा हैदराबादेस मिळाली. पुण्यात कोणी कोंबडी सोडली? कोणी रडले? बालेवाडीवरून त्या संध्याकाळी बसगाड्या वेळेवर सुटल्या असतील. ब्लॅकबर्न तिसऱ्या श्रेणीत गेला तरी ब्लॅकबर्नच राहिला, कारण खाली जायला जागा होती आणि तिथे त्याच्यासोबत जाणारे लोक होते.

मी कोल्हापूरचा. इथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर लढतात आणि पेठाच्या पेठा लोटतात. या संघांचे ‘मालक’ कोण, असे विचारून बघा, तुमच्याकडे वेडा म्हणून बघतील. अर्थात आमचेही सगळे सोवळे नाही. सामना हरला की पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, कधी दगडही येतो, आणि पोलिसांची गाडी ही जणू बारावा खेळाडू होऊन बसते. ब्लॅकबर्नच्या प्रेक्षकांनीही कीन यांना जे जे ऐकवले ते या अंकात छापण्याजोगे नाही; तो माणूस नोकरी करीत होता, नेमणूक त्याची त्याने केली नव्हती. कुळाने बांधावर येऊन कारकुनाला शिव्या द्याव्यात, तसे ते. निषेध कोंबडीपर्यंत ठीक.

परवा त्या विद्यार्थ्याचा पुन्हा फोन आला होता. शेजारचे आजोबा या हंगामात आले नाहीत, त्यांची नात आली. तीही तिथेच बसते, आणि मॅनेजर बदलायला हवा म्हणते. मी हे शिक्षकखोलीत सांगितले. गणिताचे सर बराच वेळ चहा ढवळीत बसले. मग म्हणाले, “त्यांचा सामना आपल्याकडे किती वाजता दिसतो हो?”