प्रीअँपमधले कंडेन्सर बदलताना

घरी जुळवलेल्या प्रीअँप्लिफायरचा आवाज सुधारायचा तर हात आधी कंडेन्सरला लावावा, कारण सर्किटमध्ये सगळ्यांत लवकर म्हातारा होतो तो हाच. पाठ्यपुस्तकात त्याला धारित्र म्हणतात, कॅटलॉगमध्ये कपॅसिटर. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र अजून कंडेन्सरच. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या डबीत ओले रसायन असते. रबरी बुचातून ते वर्षानुवर्षे उडत राहते, धारिता उतरते आणि आतला रोध वाढतो. तापमान दहा अंशांनी चढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येते. पनवेलच्या मे महिन्यात, बंद पेटीत ट्रान्सफॉर्मरला खेटून बसलेल्या कंडेन्सरचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. तितक्याच तासांच्या हमीचा, पण ८५ ऐवजी १०५ अंशांचा कंडेन्सर घेतला, तर याच हिशेबाने तो चौपट टिकतो. किमतीतला फरक किरकोळ असतो.

सगळेच कंडेन्सर मात्र आवाजाच्या वाटेवर नसतात. काही सिग्नलच्या रस्त्यात उभे असतात, काही वीजपुरवठ्याला आधार देतात, तर काही टोन किंवा फोनोच्या भागात कोणता स्वर किती उचलायचा ते ठरवतात. या तीन जागांचे नियम वेगळे आहेत. ते न पाहता सरसकट महाग माल भरला, तर पैसे जातात आणि आवाज होता तिथेच राहतो.

सिग्नलच्या रस्त्यातला, म्हणजे कपलिंगचा कंडेन्सर डीसी अडवतो आणि संगीत पुढे सोडतो. त्याच्यापुढे जो रोध असतो त्याच्या जोडीने तो खालच्या स्वरांची सीमा आखतो. इथे ब्रँडच्या आधी मूल्य पाहावे. समजा ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आहे आणि पुढे १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल आहे. त्यांची सीमा १५९ हर्ट्झवर येते. काळी एकला लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. या जोडीतून त्याचा मूळ स्वर जेमतेम ४० टक्के ताकदीने पुढे जातो. जवारीची वरची झळाळी ऐकू येते, पण तिच्याखालची जमीन पातळ होते. डग्ग्याची मींडही तशीच हलकी पडते. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात किंवा एखाद्या घरगुती बैठकीत ज्याने तानपुरा जवळून ऐकला आहे, त्याला ही उणीव लगेच कळते. त्याच जागी २.२ मायक्रोफॅरड घातला की सीमा सुमारे ७ हर्ट्झवर उतरते आणि खर्ज जवळजवळ पूर्ण परत येतो. सगळ्या प्रीअँपमध्ये याच्याइतका ऐकू येणारा आणि याच्याइतका स्वस्त बदल दुसरा नाही.

मूल्य ठरल्यावर मग कशाचा घ्यायचा ते पाहावे. वॉल्ट जंग आणि रिचर्ड मार्श यांनी १९८० मध्ये ‘ऑडिओ’ या अमेरिकी मासिकात या विषयावर दोन भागांत लिहिले आणि हौशी लोकांमध्ये कंडेन्सरची चर्चा पेटली. पुढे सिरिल बेटमन यांनी २००२-०३ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड’मध्ये विकृतीची प्रत्यक्ष मोजमापे मांडली. या सगळ्यातून कामापुरते घ्यायचे ते असे: पॉलिप्रॉपिलीन उत्तम, पॉलिएस्टर बहुतेक ठिकाणी पुरेसा. एक्स७आर जातीचा सिरॅमिक सिग्नलच्या वाटेत नकोच, कारण त्याची धारिता व्होल्टेजप्रमाणे बदलते आणि टिचकी मारली तर तो मायक्रोफोनसारखा बोलतो. पिकोफॅरडच्या जागी एनपी० जातीचा सिरॅमिक मात्र निर्धास्त वापरावा. इलेक्ट्रोलिटिकही वाटतो तितका वाईट नाही. त्याचे मूल्य भरपूर मोठे ठेवले तर त्याच्या दोन टोकांत सिग्नलचे व्होल्टेज पडत नाही आणि विकृतीही नगण्य राहते. जुना झाला की मात्र तो डीसी गळू देतो. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते तेव्हा सगळे व्हॉल्यूम कंट्रोललाच दोष देतात. अनेकदा चोर त्याच्या आधीचा कंडेन्सर असतो.

वीजपुरवठ्यात मोठेपणाचा मोह आवरावा. प्रीअँप ५० मिलिअँपिअर घेत असेल तर १००० मायक्रोफॅरडवर अर्ध्या व्होल्टची लहर राहते, आणि पुढचा रेग्युलेटर ती सहज गिळतो. १०,००० घातल्याने ट्रान्सफॉर्मरवर चार्जिंगचे झटके वाढतात, क्वचित गुणगुणही वाढते. व्होल्टेजला मात्र सैल हात असावा. १५-०-१५ च्या ट्रान्सफॉर्मरमधून कमी भारावर, घरची वीज चढलेली असताना, २४-२५ व्होल्ट निघू शकतात. तिथे २५ व्होल्टचा कंडेन्सर काठावर येतो, म्हणून ३५ चा घ्यावा. प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याच्या पायाशी १०४ छापलेला, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अगदी चिकटून हवा. तो दूर असेल तर वेगवान आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या कंपनात जातो आणि आवाज कर्कश वाटतो.

फोनोच्या भागात सुटे भाग नेमके हवेत. रेकॉर्डच्या आरआयएए वक्रात ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद हे आकडे ठरलेले आहेत. इलेक्ट्रोलिटिकची २० टक्क्यांची ढिलाई तिथे चालत नाही. मीटरवर मोजून, डाव्या-उजव्या बाजूला जुळणारी एक-दोन टक्क्यांतली जोडी लावावी.

पनवेलहून माल आणायला हार्बर लाइन आणि मग ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड. इलेक्ट्रोलिटिक देशातही बनतात, नाशिकला अल्कॉनचे आणि केरळात कण्णूरला केल्ट्रॉनचे. दुकानात मूल्य आणि व्होल्टेजइतकेच पायांमधले अंतर सांगावे. मोठा पॉलिप्रॉपिलीन पाच मिलिमीटरच्या भोकांत बसत नाही, आणि लांब पाय वाकवून उभा केला तर तो अँटेना होऊन ५० हर्ट्झची गुणगुण ओढतो.

जुना कंडेन्सर काढताना पॅडवर आधी थोडे ताजे सोल्डर लावावे, मग पंपाने ओढावे. नाहीतर तांब्याची पट्टी उचकटते. इलेक्ट्रोलिटिकच्या अंगावरचा पट्टा ऋण टोकाचा. बोर्डावर उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाकावा. कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत तो ओल धरतो आणि मोठ्या रोधाच्या जागी गळती सुरू होते. पहिल्यांदा चालू केल्यावर आउटपुटवरचा डीसी मोजावा आणि तो काही मिलिव्होल्टच्या आत असेल तरच पॉवर अँप जोडावा.

फरक पारखायला एकच बाजू बदलावी. डावीकडे नवे कंडेन्सर, उजवीकडे जुने, मोनो रेकॉर्डिंग लावायचे आणि मीटरने दोन्हींची पातळी सारखी करायची. मग एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवून तानपुऱ्याचा तोच तुकडा ऐकावा. शेवटी आउटपुटच्या तारा आलटून पालटून पुन्हा ऐकावे, म्हणजे खोलीचा आणि स्पीकरचा फरक बाजूला पडतो. खर्ज भरलेला वाटला, तर मग उजवी बाजू उघडावी.