जे आधी होईल ते

गाडीच्या इंजिन ऑइलवर आपण कधी लिहू असं मला वाटलं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात भाऊजींशी फोनवर पाऊण तास वाद झाला, शेवटी ताईने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि माझं म्हणणं अर्धवटच राहिलं. ते इथे पूर्ण करतो. भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. रागावू नका, आधी शेवटपर्यंत वाचा.

वाद साधाच होता. ऑइल किती दिवसांनी बदलायचं? भाऊजींचं उत्तर ठरलेलं : ५,००० किलोमीटर झाले की बदला, पुढे ढकलायचं नाही. मी गेल्या वर्षापर्यंत तितक्याच ठामपणे १०,००० म्हणायचो. आता मी नुसता आकडा सांगत नाही. का, त्याला एक कारण घडलं.

आमच्या घरी या प्रश्नाचं उत्तर पूर्वी बाबांच्या वहीत असायचं. १९८४ साली त्यांनी प्रीमियर पद्मिनी घेतली, आणि तेव्हापासून एक फुलस्केप वही गाडीच्या नावाने सुरू झाली. तारीख, मीटरचा आकडा, काय केलं, किती पैसे लागले. दर ३,००० किलोमीटरला ऑइल. रविवारी सकाळी बाबा जुना लेंगा घालून गाडीखाली, आणि आम्ही भावंडं डालड्याचा रिकामा डबा धरून बाजूला. काळं ऑइल डब्यात पडताना बघायला मजा यायची. ते जळकं ऑइल मग फाटकाच्या बिजागऱ्यांना, आणि वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांबांना. काही वाया जायचं नाही.

बाबांचे ३,००० त्या गाडीसाठी बरोबर होते, हे मी आजही म्हणतो. त्या इंजिनाला कार्बोरेटर होता. थंडीत सकाळी चोक ओढला की पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जायचं. त्यातलं न जळलेलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळायचं. पेट्रोलमध्ये शिसं होतं, गंधक भरपूर होतं आणि गंधक जळलं की आम्ल तयार होतं. त्या वेळचं ऑइलही आजच्यासारखं नव्हतं. तेव्हा लवकर बदलणं हाच शहाणपणा होता.

पुढे सगळंच बदललं. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, पेट्रोल किती सोडायचं ते संगणक मोजू लागला. २००० साली देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा इंधनातलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं. ऑइल सिंथेटिक झालं, उष्णतेत लवकर न बिघडणारं. म्हणून आज आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर लिहिलेलं असतं, काही युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांत १५,०००. युरोपात तर खास ऑइल वापरून काही गाड्यांना ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत मुभा मिळते.

हे सगळं मी बाबांना अनेकदा ऐकवलं आहे. "बाबा, तुमची फियाट गेली, तुमचे तीन हजारही गेले." ते काही बोलायचे नाहीत. फक्त मधूनमधून विचारायचे, "ऑइल बघितलंस का रे?"

आता गेल्या वर्षीची गोष्ट. बाबांचं डायलिसिस सुरू होऊन तेव्हा तीनेक वर्षं होत आली होती. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटल, घरापासून अडीच किलोमीटर. सकाळी जायचं, चार-साडेचार तास गाडी पार्किंगमध्ये उभी, मग परत. याखेरीज गाडी भाजी, बँक, फार तर एखादं लग्न, एवढीच फिरायची. तीन वर्षांत मीटर ४,६०० किलोमीटर पुढे सरकला होता. सर्व्हिसवाल्यांचा फोन आला की मी म्हणायचो, अहो, गाडी चाललीच कुठे? दहा हजार होऊ द्या, आणतो. खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझं लक्ष गाडीकडे नव्हतंच. एक काम कमी झालं याचंच बरं वाटायचं.

एका दुपारी डायलिसिसहून परत येताना कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबलो आणि समोर तो लाल दिवा लागला. अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखं चित्र असतं ना, तो. गिअर टाकून गाडी हलली की विझायचा, थांबलं की पुन्हा लागायचा. बाबा मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते. डायलिसिसनंतर त्यांच्यात बोलायचंही त्राण नसायचं. घर दीड किलोमीटर. मनात आलं, तसंच जावं. पण हा दिवा ऑइलचं प्रेशर पडलं की लागतो, आणि प्रेशर नसताना इंजिन चालवणं म्हणजे धातूवर धातू घासणं, एवढं मला माहीत होतं. गाडी कडेला घेतली, बंद केली. उन्हात दोन रिक्षावाले नाही म्हणाले, तिसरा थांबला. बाबांना धरून उतरवलं आणि रिक्षात बसवलं. ते एवढंच म्हणाले, "ऑइल बघ."

संध्याकाळी कोपऱ्यावरचे मिस्त्री आले. डिपस्टिक काढली तर पातळी अगदी बरोबर! मला वाटलं, सेन्सरच बिघडला असणार. मग त्यांनी ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं धरलं. आत दुधाळ कॉफीच्या रंगाचा साय धरल्यासारखा थर. दुसऱ्या दिवशी खालचा चेंबर उतरवला, तेव्हा तळाशी काळ्या मलमासारखा गाळ निघाला. पंप जिथून ऑइल ओढतो ती जाळी त्याने निम्मी बुजली होती. "साहेब, अजून महिनाभर चालवली असती तर इंजिनच बांधायला लागलं असतं," मिस्त्री म्हणाले. साफसफाई, गास्केट, फिल्टर, नवं ऑइल आणि थोड्या किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ऑइल, असं मिळून सतरा हजार रुपयांत सुटलो.

गाडी चालली नव्हती, मग ऑइल खराब झालं कसं? नीट विचार केला तर उत्तर सोपं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलकडे जाते. इंजिन चांगलं तापलं की ती उडून जाते. पण तापायलाच वेळ मिळाला नाही तर ती थंड धातूवर दवासारखी धरते आणि ऑइलमध्ये उतरते. इंजिन थंड असताना पेट्रोलही जरा जास्तच सोडावं लागतं, त्यातलं काही ऑइलमध्ये येतं. माझी गाडी अडीच किलोमीटर चालायची, तापायला लागायची तोवर हॉस्पिटल यायचं. चार तासांनी पुन्हा थंड आणि पुन्हा अडीच किलोमीटर. वर्षाला तीनशेहून जास्त वेळा थंडी सुरुवात. पाणी, पेट्रोल आणि आम्ल साठत गेलं, त्यांचा बंदोबस्त करणारी ऑइलमधली रसायनं संपत गेली, आणि गाळ बनला. पातळी बरोबर दिसत होती, पण भरलेलं सगळं ऑइलच होतं असं थोडंच आहे?

त्या रात्री गाडीची पुस्तिका पहिल्यांदा नीट वाचली. १०,००० किलोमीटर हे मला पाठ होतं. त्याच्या पुढे लिहिलं होतं : किंवा १२ महिने, यातलं जे आधी होईल ते. वाक्याचा अर्धाच भाग मी इतकी वर्षं लोकांना ऐकवत होतो. आणि दोन पानं पुढे आणखी एक तक्ता होता, कठीण परिस्थितीत वापरल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी. त्यात मुदत निम्मी. कठीण म्हणजे हिमालय वगैरे असेल असं मला वाटायचं. तिथे होतं : वारंवार छोट्या फेऱ्या, धूळ, आणि इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभं राहणं. म्हणजे पुण्यात राहणारे आपण सगळेच की!

आता भाऊजी, तुमच्याकडे येतो. तुमची गाडी महिन्याला २,००० किलोमीटर चालते, तीही बहुतेक पुणे-कोल्हापूर हायवेवर. इंजिन एकदा तापलं की तीन-चार तास एका चालीने चालतं. ऑइलला याहून सुखाचं आयुष्य नाही. तुम्ही वर्षात जवळजवळ पाच वेळा ते बदलता, पुस्तिकेप्रमाणे दोन-तीनदा पुरे. एका वेळचे साडेतीन लिटर आणि मजुरी धरून तीन हजार म्हटले तरी वर्षाला सहा-सात हजार उगाच जातात. "पण ऑइल काळं झालेलं असतं!" हे तुमचं नेहमीचं. अहो, काळं होणं हे त्याचं कामच आहे. काजळी इंजिनला चिकटू न देता स्वतःत धरून ठेवायची रसायनं त्यात असतात. डिझेल गाडीत तर नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. रंगावरून ऑइल जोखणं म्हणजे फडक्यावरून घर किती स्वच्छ आहे ते ठरवणं.

आणि "जास्त वेळा बदललं तर नुकसान काय" असंही म्हणू नका. इंजिनचं नुकसान नाही, मान्य. पण निघालेलं ऑइल जातं कुठे? बाबांचा डालड्याचा डबा आता कुणाकडे नाही. बऱ्याच ठिकाणी ते बांधकामाच्या शटरिंगच्या प्लेटांना फासलं जातं, नाहीतर सरळ गटारात. कायद्याने हा घातक कचरा आहे, आणि ते गोळा करून पुन्हा शुद्धही करता येतं. पण कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत ही व्यवस्था फारशी पोचलेली दिसत नाही.

न्यू जर्सीतल्या मावसबहिणीला विचारलं तर ती हसली. तिकडे पूर्वी दर ३,००० मैलांचा, म्हणजे साधारण आपल्या भाऊजींच्याच आकड्याचा, स्टिकर काचेच्या कोपऱ्यात लावून द्यायचे. आता तिच्या गाडीत ऑइलचं किती टक्के आयुष्य उरलंय तेच दिसतं. इंजिन किती वेळा थंड सुरू झालं, किती तापलं, यावरून गाडी हिशेब करते. माझ्या गाडीत तसं असतं तर तिने मला केव्हाच ओरडून सांगितलं असतं.

तर माझं म्हणणं एवढंच. जो कुणी तुम्हाला गाडी कशी चालते हे न विचारता एकच आकडा सांगेल, मग ते भाऊजी असोत, सर्व्हिस सेंटर असो की गेल्या वर्षीपर्यंतचा मी, त्याचं ऐकू नका. हायवेवर चालणाऱ्या गाडीला पुस्तिकेतले पूर्ण किलोमीटर द्या, घाबरू नका. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला किलोमीटर विसरून कॅलेंडर लावा, वर्षातून एकदा तर नक्कीच, आणि पुस्तिकेत कठीण वापराची वेगळी मुदत असेल तर ती. टर्बो असलेलं छोटं पेट्रोल इंजिन असेल तर मुदत ताणू नका. धुराचा फिल्टर असलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. फिल्टर साफ करायला सोडलेलं डिझेल त्यात उतरलेलं असू शकतं. आणि महिन्यातून एकदा डिपस्टिक बघा, दोन मिनिटं लागतात.

आजी-आजोबांसाठी दारात उभी असणारी, दवाखान्यापुरती निघणारी गाडी अनेक घरांत आहे. ती "चालतच नाही" म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि नेमकी तीच ऐन वेळी दगा देऊन चालत नाही. तुमच्या नातलगांत अशी गाडी असेल तर एक फोन करा आणि ऑइल शेवटचं कधी बदललं एवढं विचारा. किती किलोमीटरपूर्वी ते नको, कोणत्या महिन्यात ते विचारा.

बाबांना चेंबरमधल्या गाळाचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला, तेव्हा मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. त्यांनी फोटो मोठा करून नीट बघितला, आणि कपाटातून वही आणायला सांगितली. फियाटच्या शेवटच्या नोंदीनंतर बरीच पानं कोरी होती. नव्या पानावर मी तारीख लिहिली, मीटरचा आकडा लिहिला. मग त्यांनी वही माझ्याकडून घेतली आणि समासात पुढच्या ऑइलचा महिना स्वतःच्या हाताने लिहिला, सहा महिन्यांनंतरचा. किलोमीटर लिहिले नाहीत.