पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापण्याआधी गिरणीत जाऊन बघा



ज्वारी काढून झाली, पेंढ्या बांधून झाल्या, पुढच्या आठवड्यात मळणी. एरवी या दिवसांत मी उतारा आणि कडब्याचा भाव लिहितो. आज वेगळा विषय आहे आणि तो काही जणांना झोंबणार आहे. मला तो आधीच झोंबलाय.

परवा एका कृषी प्रदर्शनात गेलो होतो. एका बचत गटाच्या स्टॉलवर ‘ज्वारीचा पिझ्झा बेस, ग्लुटेन-फ्री’ असा बोर्ड. मला बरं वाटलं. ताईंना सहज विचारलं, “ज्वारीला चिकटपणा नसतो, मग बेस तुटत कसा नाही?” त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, “थोडा मैदा घालतो ना दादा. थोडाच.”

पुढच्या स्टॉलवर एका शेतकरी कंपनीचं ज्वारीचं पीठ. पाकीट देखणं, वर ‘१०० टक्के ग्लुटेन-फ्री’. विचारलं, दळता कुठं? “गावातच, गिरणीत.”

दोघांच्याही मनात खोट नव्हती, हे आधीच सांगतो. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण ज्याच्या घरी सीलिॲकचं पोर आहे, त्याला ती पाकिटं किती महागात पडतील याचा हिशोब मी केलेला आहे. कारण तीच चूक मी केली होती.

माझ्या बहिणीच्या मुलीला अकराव्या वर्षी सीलिॲकचं निदान झालं. तोवर वजन वाढत नव्हतं, रक्त कमी, सारखं पोट दुखायचं. जंताची औषधं झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या. निदान झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, गहू आयुष्यभर बंद. मी छाती ठोकून म्हणालो, काळजी करू नका, मामाची ज्वारी आहे. दर महिन्याला घरची मालदांडी दळून पाठवायला लागलो. आठ महिने झाले, रक्तातली अँटीबॉडी उतरायला हवी तशी उतरेना. पोरगी बाहेरचा घास खात नव्हती. मग आहारतज्ज्ञ बाईंनी एकच प्रश्न विचारला: “पीठ कुठं दळता?”

मी आमच्या गिरणीत गेलो. दळण संपल्यावर गिरणीचं तोंड, दगडांची कड आणि पिठाची कापडी पिशवी झटकायला लावली. दोन मुठी पीठ निघालं, त्यात गहू होताच. आठ महिने मी भाचीला मायेनं तेच पाठवत होतो.

आता थोडं समजून घेऊ. ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन प्रथिनांना पाणी लागलं आणि पीठ मळलं की त्याचं रबरासारखं जाळं होतं. पोळी ताणली जाते, पाव फुगतो, ते त्यामुळं. जव आणि राय या धान्यांत त्याची भावंडं आहेत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांत ते नाही. ज्वारीचं प्रथिन कॅफिरिन, ते सीलिॲकच्या रुग्णाला चालतं. सीलिॲकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आतलं अस्तर झडतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. गव्हाशी असलेलं हे नातं विलेम डिके या डच डॉक्टरांनी ओळखलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि त्यांच्याकडची ही आजारी मुलं उलट सुधारायला लागली.

आता गिरणीचं गणित. आपल्या देशात ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागं ग्लुटेन २० मिलिग्रॅमच्या आत हवं, हा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम. गव्हाच्या एक ग्रॅम पिठात ग्लुटेन साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे एक किलो ज्वारीच्या पिठात गव्हाचं पाव ग्रॅम पीठ पडलं की मर्यादा संपली. पाव ग्रॅम म्हणजे चिमटीत मावेल एवढं. आता गिरणीतल्या त्या दोन मुठी आठवा आणि स्टॉलवरचा ‘थोडाच’ मैदाही आठवा.

आपल्या आया-बहिणी गिरणीत डबा ठेवताना सांगायच्या, “ज्वारीवर ज्वारी दळा.” भाकरी बिघडू नये म्हणून. रिवाज चांगला, पण सकाळी त्याच दगडावर पाच डबे गहू दळला असेल तर दुपारच्या ज्वारीवरच्या ज्वारीतही तो उतरतोच. भाकरीला चालतं, सीलिॲकच्या रुग्णाला चालत नाही.

माझा राग कुणावर, तर जे आम्हाला शिकवायला येतात त्यांच्यावर. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेही भारताच्याच प्रस्तावावरून. मी स्वतः तीन कार्यक्रमांना गेलो. ज्वारीचा केक झाला, बिस्किटं झाली, पाककृती स्पर्धा झाल्या. पाकीट कसं असावं, त्यावर काय छापलं की शहरात खपतं, हे दोन-दोन तास ऐकलं. ‘ग्लुटेन-फ्री लिहा, भाव मिळतो’ हेही ऐकलं. गिरणीचा विषय एकाही ठिकाणी निघाला नाही. मळणी यंत्राचा नाही, बारदानाचा नाही, तपासणीचा तर नाहीच. कृषी पदवीधर मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण हे पान वाचतात. वाणाची शिफारस करताना जेवढे काटेकोर असता, तेवढे इथंही व्हा.

दुसरा राग मोबाईलवरच्या वैद्यांवर. ‘गहू विष आहे, सगळ्यांनी सोडा’ म्हणणारे. ज्याला त्रास नाही त्यानं गहू खावा, आम्हीही पिकवतो. आणि ज्याला शंका आहे त्यानं तपासणीआधी गहू सोडू नये. गहू बंद केला की रक्ताची तपासणी खोटी निरोगी येऊ शकते. डॉक्टरकडं जा, तपासा, मग सोडा.

“ही शहरी थेरं आहेत, आपल्याकडं कुणाला होत नाही” असंही काही जण म्हणतील. उत्तर भारतात पाहणी झाली तेव्हा शंभरात साधारण एकाला हा आजार निघाला. दक्षिणेत बराच कमी, आणि तिथं गहूही कमीच खातात. आपल्या घरात चाळीस वर्षांपूर्वी भाकरी किती होती आणि पोळी किती, आज किती, हे ज्याचं त्यानं आठवावं. रेशनवर गहू येतो, पोरं पोळीवर वाढतात. आपल्याकडं होत नाही म्हणण्याआधी आपल्याकडं तपासतं कोण, हे विचारा.

आता पिझ्झ्याकडं येतो. कारण भाचीनं भाकरीबद्दल कधी तक्रार केली नाही. ती एकदाच रडली, मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्या पिझ्झा खात होत्या आणि ही डबा उघडून बसली होती. तेव्हा ‘पिझ्झा आपलं खाणं नाही’ हे मला ऐकवू नका. पीठ आंबवणं तर आपलंच आहे. ज्वारीची आंबील आपली, खानदेशात ज्वारी भिजवून आंबवून बिबड्या करतात त्याही आपल्या. सावरडो म्हणतात ते तरी काय? पीठ-पाणी ठेवून आपोआप आंबवायचं, बाहेरचं यीस्ट घालायचं नाही.

एक मोठा गैरसमज मात्र खोडतो. ‘सावरडो केलं की ग्लुटेन निघून जातं’ असं सर्रास सांगतात. गव्हाचं पीठ घरी कितीही आंबवा, सीलिॲकच्या रुग्णाला ते चालत नाही. म्हणून शेजारणीकडून किंवा बेकरीतून विरजण आणू नका, ते बहुधा गव्हाचंच असतं. आपलं ज्वारीचं करा.

विरजण: स्वच्छ काचेच्या बरणीत ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम, पाणी ५० ग्रॅम. रोज निम्मं काढून टाकायचं, तेवढंच नवं पीठ-पाणी घालायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वास घाण येतो, घाबरू नका. पाच-सात दिवसांत ताकासारखा आंबूस वास आणि बुडबुडे दिसतात. ते गव्हाच्या विरजणासारखं दुप्पट फुगणार नाही; वर भेगा आणि छिद्रं दिसली की झालं. गुलाबी किंवा काळी बुरशी दिसली तर सगळं फेका.

आठ इंची तीन बेससाठी: विरजण १५० ग्रॅम, ज्वारीचं ताजं पीठ २०० ग्रॅम, साबुदाण्याचं पीठ ७५ ग्रॅम, इसबगोल १५ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, तेल एक मोठा चमचा.

निम्म्या ज्वारीच्या पिठावर १५० मिली उकळतं पाणी ओतून उकड करा, भाकरीला आधणाचं पाणी घालतो तसंच. कोमट होऊ द्या. गरमागरम उकडीत विरजण घातलं तर ते मरतं. इसबगोल १३० मिली पाण्यात दहा मिनिटं भिजवला की त्याचा चीक होतो. ज्वारीत ग्लुटेनचं जाळं नाही, त्यामुळं आंबताना झालेली हवा निसटून जाते. हा चीक ती धरून ठेवतो. मैद्याचं काम तो करतो, ताई, म्हणून मैदा लागत नाही. सगळं एकत्र मळा. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि चिकट राहील, वरून पीठ घालत बसू नका. तेल लावलेल्या कागदावर ओल्या हातानं थापा, जाडी बोटाच्या निम्मी. झाकून उन्हाळ्यात तीन-चार तास, थंडीत सहा. मग जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर आठ मिनिटं, उलटून पाच. वर काय घालायचं ते घाला आणि परत झाकण. ओव्हन असेल तर पूर्ण तापवून आधी नुसता बेस बारा मिनिटं.

खोटं सांगत नाही, कडा मैद्यासारख्या फुगत नाहीत. खाली कुरकुरीत, आत मऊ, चव आंबूस-गोड. पीठ जुनं असेल, विरी गेलेली असेल, तर बेस तुटतो. आणि पोळीचं पोळपाट-लाटणं वापरू नका, लाकडाच्या फटीत गहू बसलेला असतो. चटणी-सॉसचं पाकीट वाचा. बाजारच्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. सातूचं पीठ चालत नाही, भाजणीतही गहू असू शकतो.

आता आपल्या कामाचं. ज्वारीवाल्यांच्या बाजूनं निसर्ग आहे. कोरडवाहू काळ्या रानात आधी गहू नसतो. आपली ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरची पेर, फेब्रुवारी-मार्चला निघते, गहू सहसा तिच्या मागून मळणीला येतो. म्हणजे यंत्र गव्हात जाण्याआधी ज्वारी मळून घेता येते. मग एवढं करा:

१. मळणी यंत्र आधी झाडून-फुंकून घ्या. पहिलं पोतं वेगळं काढा, घरी किंवा जनावरांना वापरा.

२. गव्हाचं जुनं बारदान वापरू नका, नवीन पोती घ्या.

३. चाळणी-ग्रेडिंग यंत्रावर गहू चालत असेल तर तो माल ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून विकू नका.

४. गटानं मिळून एक लहान चक्की घ्या, जिच्यात गव्हाचा दाणा कधीच पडणार नाही. ते जमत नसेल तर दाणे विका, पीठ विकू नका.

५. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी केल्याशिवाय ‘ग्लुटेन-फ्री’ छापू नका. नुसतं ‘ज्वारीचं पीठ’ लिहा. तेही खरं आहे आणि त्यात कमीपणा नाही.

खर्च येतो, मान्य. २०२५-२६ ला मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये, म्हणजे किलोला साडेसदतीस. ‘ग्लुटेन-फ्री’ पाकिटातलं पीठ शहरात किलोला शंभराच्या पुढं जातं. मधला पैसा हवा असेल तर मधली जबाबदारीही घ्यावी लागेल. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या कमावलं. एखाद्या गावात अशा पाकिटामुळं एक पोर दवाखान्यात गेलं तर ते नाव जायला एक व्हिडिओ पुरेल.

आमच्या गटातल्या चौघांनी मिळून चक्की घेतली. तिच्यावर रंगानं लिहिलंय, ‘गहू नको’. भाचीचा गेल्या वेळचा रिपोर्ट बराच खाली आलाय. मे महिन्यात तिचा वाढदिवस आहे, सगळ्या मैत्रिणींना बोलावलंय. त्या दिवशी सगळ्यांना एकच पिझ्झा, आमच्या ज्वारीचा.

तुमच्या गावात ज्वारीची वेगळी गिरणी असेल तर खाली लिहा. नसेल तर का नाही, तेही लिहा.