हा 'च' आला कुठून?

सहावीच्या भूमितीच्या पेपरात एक प्रश्न आला होता. चूक की बरोबर ते लिहा : प्रत्येक समभुज त्रिकोण हा समद्विभुज असतो. माझ्या भाचीने 'बरोबर' लिहिलं आणि एक मार्क घालवला. बाईंचा लाल पेनातला शेरा : 'समद्विभुज म्हणजे दोनच बाजू समान.' मार्काचं सोडा, सहावीतल्या एका मार्काने कोणाचं करिअर अडत नाही. माझं भांडण त्या 'च'शी आहे.

तिचं पुस्तक उघडून बघितलं. ज्या त्रिकोणाच्या दोन बाजू समान लांबीच्या, तो समद्विभुज. बस्स, विषय संपला. 'च' कुठेही नाही. आता तीन बाजू समान असतील तर दोन समान आहेतच की! खिशात पाचशे रुपये असताना कोणी विचारलं, 'शंभर आहेत का रे?' तर आपण 'नाही' म्हणतो का? (उसने मागणारा असेल तर म्हणतो, पण ते वेगळं.)

काहीजण म्हणतील, अहो, तो 'च' गृहीतच असतो. मग त्याच पानावरचं कोनांवरून केलेलं वर्गीकरण वाचा. लघुकोन त्रिकोण म्हणजे ज्याचे *तिन्ही* कोन लघुकोन आहेत तो. 'तिन्ही' का लिहिलंय? कारण कुठल्याही त्रिकोणात किमान दोन लघुकोन असतातच, अगदी विशालकोन त्रिकोणातसुद्धा. तो शब्द गाळला तर जगातले सगळे त्रिकोण लघुकोन त्रिकोण ठरतील. म्हणजे जिथे शब्द लागतो तिथे पुस्तकवाले तो बरोब्बर लिहितात. मग बाजूंच्या वेळी आपण पदरचा 'च' का घालायचा?

बाईंच्या बाजूनेही एक साक्षीदार आहे, आणि तो साधासुधा नाही. खुद्द युक्लिड. इ. स. पूर्व 300 च्या आसपासच्या 'एलिमेंट्स'मध्ये, पहिल्या खंडाच्या 20 व्या व्याख्येत, तो 'फक्त दोन बाजू समान' असंच म्हणतो. म्हणजे 'च' त्याचा. पण गंमत पुढे आहे. चौथ्या खंडातल्या 15 व्या प्रमेयात वर्तुळाच्या आत नियमित षटकोन काढताना त्याला समभुज त्रिकोणाचे तिन्ही कोन समान आहेत असं हवं असतं. कारण काय देतो? समद्विभुज त्रिकोणाचे पायाजवळचे कोन समान असतात! म्हणजे गरज पडली तेव्हा युक्लिडसाहेबांनी स्वतःचाच 'च' गुपचूप खिशात घातला.

आणि गरज पडतेच. त्रिकोणाचे दोन कोन समान असतील तर त्यांच्यासमोरच्या बाजू समान, म्हणजे तो त्रिकोण समद्विभुज, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. 'च' धरून बसलात तर हे विधान खोटं ठरतं, कारण 60-60-60 चा त्रिकोण आडवा येतो. मग दर वेळी शेपूट जोडा, 'समभुज सोडून'. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक फंक्शनमध्ये एक फालतू इफ.

व्याख्या ही काही चूक-बरोबर नसते, सोयीची किंवा गैरसोयीची असते, हे मला मान्य आहे. ज्याला 'च' हवा त्याने खुशाल घ्यावा. पण मग तो पुस्तकात छापा, आणि पुढच्या प्रमेयांत शेपटंही लावा. व्याख्या एक छापायची आणि पेपर दुसरीने तपासायचा, हे चालणार नाही. हाच प्रकार क्लायंटने केला तर आपण स्पेकची प्रिंट काढून भांडतो.

टेस्टिंगवाल्या मंडळींना एव्हाना मायर्स आठवला असेल. ग्लेनफर्ड मायर्सच्या 1979 सालच्या 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग'ची सुरुवातच त्रिकोणाने होते. तीन पूर्णांक घेऊन त्रिकोण विषमभुज, समद्विभुज की समभुज ते सांगणारा प्रोग्राम. त्यासाठी टेस्ट केसेस लिहा. अनुभवी प्रोग्रामरसुद्धा यात 14 पैकी सरासरी 7.8 मिळवतात, असं तो लिहितो. (1, 2, 3 घातले तर त्रिकोणच होत नाही, हे किती जणांच्या डोक्यात येतं?) आता तो प्रोग्राम एकच नाव छापतो, म्हणून आपण समभुज आधी तपासतो आणि समद्विभुज नंतर. पण म्हणून समभुज हा समद्विभुज नाही असं थोडंच होतं? जावामध्ये आधी सरसकट 'एक्सेप्शन' पकडून त्याखाली 'आयओ एक्सेप्शन' पकडायला गेलात तर कंपायलर ओरडतो. का? तर दुसरा हा पहिल्याचाच एक प्रकार आहे म्हणून. 'सगळ्यात नेमकं नाव कोणतं?' आणि 'हे विधान खरं आहे का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पेपरात दुसरा विचारला होता.

राहता राहिला शिक्षकांचा लाडका बचाव : मुलं गोंधळतात हो! कसली गोंधळतात? हापूस हा आंबाच असतो हे पोराला बालवाडीत कळतं. कंपासपेटीतला 45 अंशांचा गुण्या काटकोन त्रिकोणही आहे आणि समद्विभुजही, त्याला दोन नावं दिली म्हणून आजवर कोणी चक्कर येऊन पडल्याचं ऐकलं नाही. गोंधळ आपण घालतो. सहावीत 'एका आकृतीला एकच खण' असं डोक्यात ठोकायचं, आणि आठवीत चौकोन आले की त्याच मुलांना सांगायचं, प्रत्येक चौरस हा आयत असतो. तिथे मात्र 'चूक' लिहिणाऱ्याचा मार्क कापतात.