गिरण्या बघा, पण त्यात राबलेल्यांबद्दलही विचारा

मँचेस्टरला नोकरीसाठी आलेला आपला माणूस पहिल्याच महिन्यात ओल्ड ट्रॅफर्डसमोर फोटो काढतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. काढावाच. पण माझं म्हणणं असं की, पुढच्या एखाद्या रविवारी त्याने हे शहर पायी बघावं, तेही इथल्याच जाणत्या माणसाला सोबत घेऊन. मोठ्या घोळक्यातली टूर नको. चौघांनी मिळून गाइड ठरवला तर खिशाला फार चाट बसत नाही आणि मनातले प्रश्न विचारता येतात.

आम्ही साइटवरच्या चौघांनी गेल्या उन्हाळ्यात हेच केलं. गाइड बाई साठीच्या पुढच्या, जन्म इथलाच, आजी अँकोट्स भागातल्या गिरणीत कामाला होती. "हे बांधलं कोणी, आत राबलं कोण?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, बहुतेक लोक मालकाचं नाव विचारतात.

अँकोट्समध्ये कालव्याकाठी मरेज मिल्सच्या विटांच्या इमारती उभ्या आहेत. पहिली गिरणी बांधायला १७९८ साली सुरुवात झाली. आता तिथे फ्लॅट झालेत. लोअर परळला फिनिक्स मिलचा मॉल झाला, त्यातलाच प्रकार. इमारत टिकते, कामगार मात्र पुसला जातो. यंत्रांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, म्हणून लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बाया ओठांच्या हालचालीवरून बोलायच्या, हे बाईंनी सांगितलं म्हणून आम्हाला कळलं.

मी मूळचा चोपड्याचा, कापसाच्या मुलखातला. इथल्या गिरण्या अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालायच्या. १८६१ मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटलं, कापूस बंद झाला आणि आपल्याकडचा कापूस मुंबईमार्गे इकडे येऊ लागला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि बाजार कोसळला. इथे त्या काळात गिरणी कामगारांची उपासमार चालली होती. तरीही ३१ डिसेंबर १८६२ ला फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली आणि गुलामीच्या विरोधात लिंकनला पाठिंब्याचं पत्र गेलं. सगळ्याच कामगारांचं मत तसं नव्हतं, पण पोट रिकामं असताना दुसऱ्या देशातल्या मजुराचा विचार करणारे इथे होते. लिंकनने उत्तर पाठवून आभार मानले. त्याचा पुतळा आजही शहराच्या मधोमध आहे.

हा फ्री ट्रेड हॉल ज्या मैदानावर बांधला, तिथेच १६ ऑगस्ट १८१९ ला सुमारे ६०,००० माणसं मताचा हक्क मागायला जमली होती. घोडेस्वार तलवारी घेऊन गर्दीत घुसले. माणसं मेली, शेकडो जखमी झाली. पीटरलू म्हणतात त्याला. पण तिथल्या जुन्या निळ्या पाटीवर सैन्याने जमाव पांगवला एवढाच उल्लेख होता, मेलेल्यांचा एक शब्द नव्हता. लोकांनी पाठपुरावा केला तेव्हा २००७ मध्ये लाल पाटी लागली आणि तिच्यावर मृत्यूंची नोंद आली. मेलेल्यांचा पाटीवर उल्लेख यायलाही इथे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ गेला.

ऑक्सफर्ड रोड स्टेशनजवळ एके काळी 'लिटल आयर्लंड' वस्ती होती. पोटासाठी आलेले आयरिश मजूर तिथे दाटीवाटीने, ओलसर तळघरांत राहायचे. हे लोक मजुरी पाडतात, घाण करतात, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं. आज बाहेरून आलेल्या मजुरांबद्दल काय बोललं जातं, ते आपण ऐकतोच.

हे सगळं मी का सांगतोय? आपल्या पोरांना वाटतं, हेल्मेट, हार्नेस, कामाचे ठरलेले तास म्हणजे कंपनीचे उपकार. तसं नाही. १८३३ मध्ये कारखान्यांवर सरकारी निरीक्षक आले, १८४४ च्या कायद्याने यंत्रांना कठडे घालणं भाग पडलं, १८४७ मध्ये बाया आणि कोवळ्या पोरांसाठी दहा तासांची मर्यादा आली. १८६८ मध्ये देशभरातल्या कामगार संघटनांची पहिली परिषद इथेच, मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये भरली. आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे लढले, तेव्हा १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. मागितल्याशिवाय कुठेच काही मिळालं नाही.

आणि आज? परांचीला कठडा नसला तरी आपला माणूस हाताची घडी, तोंडावर बोट. कारण व्हिसा कंपनीच्या हातात. १९७४ चा सुरक्षा कायदा कामगाराचा पासपोर्ट बघत नाही. १९९६ च्या कायद्याचं कलम ४४ सांगतं की गंभीर, समोर दिसणारा धोका असेल तर काम सोडून बाजूला झालेल्या माणसाला मालक शिक्षा करू शकत नाही. कागदावर उत्तम आहे. पण नोकरी गेली तर दुसरी स्पॉन्सर कंपनी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. घरी हप्ते चालू असलेला माणूस तेवढ्यावर तोंड कसं उघडेल? व्हिसा एकाच मालकाला बांधलेला आहे तोवर हा हक्क अर्धाच आहे, आणि त्याबद्दल आपणच बोललं पाहिजे. एकट्याने नको, युनियनमध्ये जाऊन बोला. सभासद व्हायला इथला जन्म लागत नाही.

काही जण म्हणतील, सुट्टीच्या दिवशी इतिहास कशाला उकरायचा, झोप तरी काढू दे. खरंय, अंग दुखतं. पण दोन तास चाला. गाइडला चारच प्रश्न विचारा: किती तास काम करायचे, पगार किती मिळायचा, राहायचे कुठे, आणि मेलं कोण? मग सोमवारी साइटवर गेलात की हेच चार प्रश्न आपल्या कामाबद्दल विचारा.